अठ्ठाविसावा दिवस

पहाटे ४.४५
ओट्यावर लॅपटॉप, शेजारी चहा. प्रबंधाचं तिसरं प्रकरण उघडलं. दीड पान झालं आणि दूधवाल्यानं बेल वाजवली.

६.१५
लेकीचं अंग जरा कोमट लागलं. थर्मामीटर ९९ दाखवतोय. शाळेत पाठवावं की नको, हे ठरायच्या आत रिक्षावाल्या काकांचा हॉर्न वाजला. पाठवलं.

८.४५
प्रयोगशाळेत आल्याआल्या क्युरिंग टँक बघते. पाणी २७ अंशांवर हवं, दोन इकडेतिकडे चालतात. पुण्याच्या डिसेंबरात त्यासाठी हीटर लागतो. काँक्रीट वाळून घट्ट होतं असं पुष्कळांना वाटतं. खरं तर सिमेंटला पाणी मिळत राहिलं तरच ते घट्ट होतं.

११.००
काल अकराला टाकलेले कंपनीचे क्यूब साच्यातून काढले. चोवीस तासांनी काढायचे, अर्ध्या तासाची सूट. एकेक आठ किलोंचा. लेक वर्षाची झाली तेव्हा साधारण एवढीच होती.

१.२०
जेवणाची सुट्टी, म्हणजे माझ्या पीएचडीची वेळ. ४ नोव्हेंबरला टाकलेल्या क्यूबना आज अठ्ठावीस दिवस झाले. आजच फोडायचे. यात ३० टक्के सिमेंटच्या जागी एकलहऱ्याच्या वीज केंद्रातली राख आहे.

दुसरा क्यूब यंत्रात ठेवला, आकडा चढू लागला आणि फोन थरथरला. शाळा. भार ठरलेल्या वेगानंच वाढवायचा असतो. मध्येच थांबलं की तो क्यूब वाया. दोन-अडीच मिनिटांचा प्रश्न. फोन वाजून थांबला. ७६८ किलोन्यूटनला क्यूब फुटला. मी आधी आकडा लिहिला, मग फोन लावला. ताप १०१. सासरे स्कूटर काढून निघाले.

हा क्रम मी घरी सांगितलेला नाही.

५.३०
पीएचडीच्या मार्गदर्शक सरांशी ऑनलाइन बोलणं. तिन्ही क्यूबची सरासरी ताकद ३३.२ मेगापास्कल, बिनराखेच्यांची ३९. माझा चेहरा बघून सर म्हणाले, "मॅडम, राख उशिरा कामाला लागते. सिमेंटमधून चुना सुटणार, मग तिची क्रिया होणार. नव्वद दिवसांचे आकडे येऊ द्या. आत्ता निष्कर्ष लिहू नका."

७.१५
मऊ भात, तूप, मेतकूट. लेकीनं चार घास खाल्ले.
"बाईंनी फोन केला तेव्हा तू ठोकळा फोडत होतीस?"
"हो."
जरा वेळ ती भात चिवडत राहिली.
"मोठ्ठा आवाज आला का गं?"

१०.००
ताप उतरलाय. नव्वदावा दिवस मोजला: २ फेब्रुवारी. नव्या कालनिर्णयवर लिहायला गेले, तर त्या चौकटीत आधीच माझ्याच अक्षरात होतं: 'स्नेहसंमेलन, सकाळी ९.'
खाली लिहिलं: 'क्यूब, १२ नंतर.'