१८५५चा जोशी अजून मोकळाच!

महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले. छापून यायला १९७९ साल उजाडले. आमच्या पिढीला शाळेत राजेराण्यांची नाटके शिकवली गेली, हे नाही. असो.

नाटकातला जोशी शेतकऱ्याच्या दारात येतो. बाई गरोदर आहे. पोटातल्या लेकराला ग्रहांची पीडा आहे, अशी भीती तो घालतो आणि भ्यालेले जोडपे कर्ज काढून ब्राह्मणभोजन घालते.

मागच्या महिन्यात केजला आमच्याकडे ऊसतोडीचे एक जोडपे आले. मुकादम म्हणतो, उचल फिटली नाही. आम्ही हिशेब मांडायला बसलो. किराणा, बैलाचे औषध, आणि मग बाई हळूच म्हणाली, “वकीलसाहेब, बारा हजार शांतीला गेले.” धाकट्याच्या वेळी ती पोटुशी असताना कुण्या ज्योतिषाने दोष काढला होता. या घरात बाबासाहेबांची तसबीर आहे, हे लिहिताना आमची मान खाली जाते. बावीस प्रतिज्ञा घेऊन किती वर्षे झाली?

आम्ही २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा उघडला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, तेव्हा कुठे सरकारला अध्यादेश काढायची जाग आली. शिक्षा सात वर्षांपर्यंत, दंड पन्नास हजारांपर्यंत. पण शेवटची पाने वाचा! जोशी-ज्योतिषांचा सल्ला, वास्तुशास्त्राचा सल्ला, सगळे कायद्यातून वगळलेले. म्हणजे जोतीरावांचा जोशी आज केजमध्ये आला तरी या कायद्याने त्याला हात लावता येणार नाही. फसवणुकीचे कलम आहे म्हणा, पण शांतीची पावती कोण देतो, आणि साक्षीला कोण येतो?

जोतीराव मात्र त्या जोडप्याला कोर्टात पाठवत नाहीत. दोघे नवरा-बायको रात्रीच्या शाळेत जायचे ठरवतात. बाईसुद्धा! आमचे जोडपे दसरा झाला की कारखान्यावर जाते आणि धाकट्याला सांभाळायला पाचवीतली पोरगी बरोबर नेते.

गेल्या रविवारी विहारात आम्ही हे नाटक वाचले. जोशाचे काम घ्यायला कुणी तयार होईना, शेवटी आम्हीच घेतले. बायका खूप हसल्या. कर्जाची गोष्ट निघाली तेव्हा गप्प झाल्या. वाचून झाल्यावर एकीने विचारले, “ती रात्रीची शाळा कुठं भरती?”

सध्या तरी आमच्याकडे कुठेच नाही. विहारात लाइट आहे, शिकवायला दोघांनी नावे दिली आहेत. दसऱ्याला महिनाच उरला आहे.