सातपुड्यातील पाडा चित्रात कसा उतरतो?

उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यापुढे कथाचित्रणासाठी एक साधे वाक्य ठेवावे : 'सातपुड्यातील एका पाड्यावर नुकतीच सकाळ झाली होती.' विद्यार्थ्याचा हात बहुधा लगेच चालू लागतो. दोन डोंगरांच्या खाचेतून वर येणारा सूर्य, पिंपळाचा पार, देवळाचा कळस, एकमेकांना खेटून उभी असलेली घरे आणि विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या बायका. गाव आदिवासींचे आहे, हे वाचकाला कळावे म्हणून भिंतीवर त्रिकोणी अंगाची, काडीसारख्या हातापायांची वारली माणसे नाचवली जातात. चित्र देखणे होते, परंतु ते सातपुड्याचे नसते.

नंदुरबार जिल्ह्याच्या धडगाव म्हणजेच अक्राणी तालुक्यात जाऊन पाहिले, की या चित्रातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट खोडावी लागते. येथील डोंगराळ गावांत घरांची दाटी नसते. आपापल्या शेतात, टेकडीच्या उतारावर एकेक घर असते. एका गावाचे अनेक पाडे आणि एका पाड्यावरून दुसऱ्यावर जायचे तर मध्ये ओढा किंवा खोरे. चित्राची सगळी मांडणीच त्यामुळे बदलते. घरांचा पुंजका मध्यभागी ठेवून भोवती डोंगर काढण्याऐवजी डोंगरभर विखुरलेली घरे आणि त्यांना जोडणाऱ्या पाऊलवाटा काढाव्या लागतात. राहिली वारली माणसे. ती डहाणू, तलासरी, जव्हारकडची, आताच्या पालघर जिल्ह्यातील. नंदुरबारमध्ये भिल्ल, पावरा, मावची, कोकणी अशा जमातींची वस्ती आहे. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. त्यांच्या मुलांच्या हाती पडणाऱ्या पुस्तकात त्यांचे गाव म्हणून दुसऱ्याच जमातीची चित्रशैली छापली गेली, तर ती चूक केवळ सजावटीची राहत नाही.

विद्यार्थ्याचा हात कच्चा असतो म्हणून हे घडते, असे नाही. बहुतेकांनी शाळेतच कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्या असतात. प्रवेश परीक्षेची तयारी करताना वस्तुचित्रे, स्मरणचित्रे शेकड्यांनी काढलेली असतात. मात्र स्मरणचित्राच्या तयारीत 'आठवडी बाजार', 'बसथांबा', 'पाणवठा' यांचे ठरीव साचे हाताला इतके बसतात, की स्मरणातले काही न वापरता स्मरणचित्र पुरे करता येते. इंटरनेटने त्यात भर घातली. 'आदिवासी' हा शब्द टाकून चित्रे शोधली, की समोर येतात ती आधी कोणी तरी काढलेली चित्रे. संगणकाकडून चित्र तयार करून घेण्याची सोय झाल्यापासून तर या साच्यांची सरासरी काही क्षणांत मिळते.

'सुचत नाही' म्हणजे काय?

कलाशाखेच्या विद्यार्थ्यांची नेहमीची तक्रार 'काही सुचत नाही' ही असते. प्रेरणा आधी येते आणि चित्र मागाहून, असा त्यामागचा समज आहे. कथाचित्रकाराच्या बाबतीत तो फारसा उपयोगाचा नाही. त्याला विषय बहुतेक वेळा मजकुराने दिलेलाच असतो. प्रश्न असतो तो त्या मजकुरातील नेमका कोणता क्षण, कोणत्या जागेवरून पाहून काढायचा हा. त्याचे उत्तर कोऱ्या कागदाकडे पाहत बसून मिळत नाही. आधी भरलेल्या वह्यांतून मिळते.

गोव्याच्या लोटलीचे मारिओ मिरांडा (१९२६-२०११) यांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. लहानपणी ते घराच्या भिंती रंगवू लागले, तेव्हा आईने त्यांच्या हाती वही दिली. पुढे तरुणपणी ते रोजनिशी चित्रांतून लिहीत. गावातला पाद्री, लग्नातली मंडळी, घरी येणारे पाहुणे, गावातल्या कुचाळक्या, सगळे त्यात आले. या रोजनिश्या पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. मारिओंच्या गर्दीच्या चित्रांत प्रत्येक माणूस निराळा का दिसतो, याचे उत्तर त्या पानांवर सापडते.

त्याआधीच्या पिढीत रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर होते. कोल्हापूरचे धुरंधर १८९० मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि पुढे त्याच संस्थेत मोठ्या पदांवर पोचले. एस. एम. एडवर्ड्स यांच्या मुंबईवरील पुस्तकासाठी (१९१२) त्यांनी रेखाचित्रे काढली, तर ऑटो रॉथफिल्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील पुस्तकात (१९२०) त्यांची ४८ रंगीत चित्रे आहेत. लुगडे नेसण्याच्या तऱ्हा, दागिने, उभे राहण्याची ढब यांतील त्यांची अचूकता आजही थक्क करते. अर्थात ही पुस्तके ब्रिटिश अधिकाऱ्यांनी लिहिलेली होती. त्यांत माणसे अनेकदा अमुक जातीचा, तमुक प्रांताचा 'नमुना' म्हणून उभी राहतात. आजच्या विद्यार्थ्याने धुरंधरांची नजर जरूर घ्यावी, त्या पुस्तकांची चौकट घेण्याचे कारण नाही.

घोड्याचे चार पाय

पाहण्याचा सराव म्हणजे काय, हे समजून घ्यायला नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याइतकी चांगली जागा दुसरी नसेल. शहादा तालुक्यातील या तापीकाठच्या गावी दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा मोठा बाजार. खरेदीदार घोड्याचे दात पाहतो, कानांची ठेवण पाहतो, चाल पाहतो. हे पाहणे चित्रकाराच्या पाहण्याहून फार वेगळे नाही.

धावत्या घोड्याचे चित्र हा तर कलेच्या इतिहासातील एक नामांकित घोटाळा आहे. पुढचे दोन पाय पुढे आणि मागचे दोन मागे ताणलेले, असा उडता घोडा युरोपातील चित्रकार पिढ्यान्‌पिढ्या काढत आले. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज याने कॅलिफोर्नियात एका ओळीत कॅमेरे लावून दौडत्या घोड्याची छायाचित्रे घेतली, तेव्हा वेगळेच दिसले. घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात हे खरे. पण ते ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली एकत्र आलेले असताना. तोपर्यंत घोडा रोज डोळ्यांपुढून जात होता आणि चित्रात मात्र आधीच्या चित्रातला घोडा उतरत होता.

बाजारात उभा घोडाही स्थिर राहत नाही. अशा वेळी एका पानावर पाच-सहा रेखाटने एकदम सुरू करावी लागतात. घोड्याने मान वळवली की दुसऱ्या रेखाटनाकडे, तो पुन्हा पहिल्या स्थितीत आला की परत पहिल्याकडे. ही पाने प्रदर्शनात लावण्याजोगी नसतात. चार महिन्यांनी एखाद्या गोष्टीत घोडा आला, की ती उपयोगी पडतात.

काठीची रात्र आणि ठिपके

अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळी हे जिल्ह्याचे सर्वाधिक छायाचित्रित दृश्य म्हणता येईल. होळीआधीच्या आठवड्यात भोंगऱ्याचे बाजार भरतात. सातपुड्यात निरनिराळ्या गावांच्या होळ्या निरनिराळ्या दिवशी पेटतात, त्यामुळे एका गावचे लोक दुसऱ्या गावी जाऊ शकतात. काठीला गुजरातच्या जंगलातून उंच बांबू आणला जातो, रात्रभर ढोल वाजतात आणि होळी पेटते ती पहाटे. नवस असलेले पुरुष बावा, बुध्या होऊन नाचतात. अंगावर राखेचे व पांढऱ्या रंगाचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला सुकलेले भोपळे आणि घुंगरू. त्यासाठी ते काही दिवस कडक नेम पाळतात.

छायाचित्रात टोप दिसतो, नेम दिसत नाही. चित्रकारालाही तो चटकन दिसणार नाही. पण कथाचित्रकाराला विचारण्याची सोय असते आणि त्याच्या कामाचा तो भागच आहे. ठिपके कोण काढतो, कधी काढतो, भोपळे कोठून येतात, घरातील बाया त्या दिवसांत काय करतात, हे विचारल्यावर एका झगमगीत दृश्याच्या जागी दहा-बारा लहान प्रसंग हाती लागतात. गोष्टीच्या पुस्तकाला लागतात ते हेच. टोप बांधून होईपर्यंत थांबलेला मुलगा हे चित्र नाचाच्या चित्राहून कितीतरी अधिक सांगून जाईल.

भिल्लांच्या चित्रकलेतील ठिपक्यांची ओळख देशाला झाली ती मध्य प्रदेशातून. झाबुआकडील पिटोलच्या भूरीबाई भोपाळच्या भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करत होत्या. भारत भवन १९८२ मध्ये सुरू झाले. चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी त्यांना गावाकडे भिंतीवर काढतात तशी चित्रे कागदावर काढायला सांगितले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भिल्ल चित्रकारांचे ठिपके सरसकट सारखे नसतात; प्रत्येकाची ठिपके मांडण्याची रीत वेगळी आणि जाणकार त्यावरून चित्र कोणाचे हे ओळखतात. म्हणून आकृती काढून तिच्यात ठिपके भरले की 'भिल्ल शैली' झाली, हा समज वारली माणसे चिकटवण्याइतकाच उथळ आहे. ठिपका ही तेथे सही आहे.

मग पावरा किंवा भिल्ल घरातून आलेल्या विद्यार्थ्याने काय करावे? महाविद्यालयात शिकवलेली छायाप्रकाशाची, यथार्थदर्शनाची भाषा टाकून द्यावी काय? पाटणगढचे गोंड चित्रकार भज्जू श्याम यांनी या प्रश्नाचे एक उत्तर दिले आहे. लंडनमधील एका उपाहारगृहाच्या भिंती रंगवण्यासाठी ते तेथे गेले होते. त्या मुक्कामावरचे त्यांचे पुस्तक २००४ मध्ये आले. त्यात लंडनची भुयारी रेल्वे जमिनीखालचा गांडूळ झाली आहे. बिग बेनचे घड्याळ कोंबड्याशी एकरूप झाले आहे, कारण दोघेही वेळ सांगतात. भज्जू श्याम यांनी लंडनला जाऊन गोंड गाव काढले नाही आणि गोंड नजर विसरून लंडनही काढले नाही. नंदुरबारचा विद्यार्थी मुंबईच्या लोकलकडे असे पाहू शकतो. शिवाय नवापूरचे रेल्वे स्थानक आहेच. अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातमध्ये. दोन राज्यांत बसलेल्या प्रवाशांचे चित्र अजून कोणी मनाजोगे काढायचे बाकी आहे.

जे आता दिसत नाही

पाहून काढण्याला एक मर्यादा येते ती नर्मदेच्या काठी. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातील ३३ गावे आली. ती सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील. मणिबेलीसारख्या गावांतील घरे १९९०च्या दशकापासून पाण्याखाली जाऊ लागली. कुटुंबे तळोदा, शहादा तालुक्यांतील वसाहतींत किंवा गुजरातमध्ये गेली, काही वर सरकून डोंगरावर राहिली. पुनर्वसन वसाहतीत जन्मलेल्या मुलाने आजोबांचे गाव पाहिलेलेच नाही. अशा गावाचे चित्र काढायचे, तर प्रेरणेचा स्रोत डोळा नसून कान आहे.

याची पद्धत पोलिसांच्या रेखाचित्रकाराला ठाऊक असते. सांगणाऱ्याला ऐकून कच्चे रेखाटन करायचे, ते त्याच्यापुढे ठेवायचे आणि तो 'असे नव्हते' म्हणाला, की खोडायचे. घराचे दार नदीकडे होते की डोंगराकडे? मोहाचे झाड अंगणात होते की शेताच्या बांधावर? ओढा कोणत्या बाजूने येऊन नदीला मिळत होता? नुसते विचारले तर माणूस 'छान होते गाव' एवढेच सांगून थांबतो. चुकीचे चित्र समोर आले, की त्याला तपशील आठवतात. येथे विद्यार्थ्याचे चुकीचे रेखाटनच कामाला येते. हे काम फार काळ थांबू शकत नाही. त्या गावांत प्रौढपण घालवलेली माणसे आता म्हातारी झाली आहेत.

चित्रांची परंपरा या जिल्ह्याला नवी नाही. तापी आणि गोमाईच्या संगमावरील प्रकाशे येथे १९५०च्या दशकात झालेल्या उत्खननात ताम्रपाषाण काळातील रंगीत नक्षीची मडकी सापडली. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी तेथे कोणी तरी तांबड्या मडक्यावर काळ्या रंगाने रेघा ओढत होते. रंग तर आजही रस्त्यालगत पसरलेले असतात. हिवाळ्यात नंदुरबार शहराभोवती मिरचीच्या पथाऱ्या पडतात आणि मैदानेच्या मैदाने लाल होतात. धडगावच्या डोंगरांत एप्रिल-मेमध्ये कैऱ्यांच्या फोडी आमचूरसाठी उन्हात घातल्या जातात. हिरवट पांढऱ्या रंगाचे ते पट्टे अंगणापासून खडकापर्यंत दिसतात.

अडचण आहे ती वेळापत्रकाची. आमचूरचे दिवस आणि बहुतेक कला महाविद्यालयांतील वर्षअखेरीच्या कामांचे दिवस एकच. होळीही त्याच धावपळीच्या तोंडावर येते. मुंबई, पुणे किंवा नाशिकला शिकणारा विद्यार्थी त्या वेळी वसतिगृहाच्या खोलीत बसून 'ग्रामीण जीवन' या विषयावरचे चित्र पुरे करत असतो.