चरणदासच्या भूमिकेत आता कोण?

गाजलेले संगीत नाटक पुन्हा येणार म्हटले, की पहिला प्रश्न नटाचा. २०१० मध्ये 'कट्यार काळजात घुसली' आले, तेव्हा वसंतराव देशपांड्यांचा खाँसाहेब त्यांचा नातू राहुल कसा पेलतो, याचीच मराठी प्रेक्षकाला उत्सुकता होती. रायपूरकरांपुढचे कोडे याहून अवघड आहे.

इथले गाण्यांचे गाजलेले नाटक 'चरणदास चोर'. रायपुरात जन्मलेल्या हबीब तनवीर यांनी विजयदान देथांच्या कथेवरून १९७५ मध्ये ते आणले. चोर गुरूपुढे थट्टेत शपथा घेतो : सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही. गुरू वर खोटे न बोलण्याचीही शपथ घालतो. पुढे खरोखरच राणी लग्नाचे विचारते. चोर नाही म्हणतो आणि जिवाला मुकतो.

श्याम बेनेगलांच्या चित्रपटात स्मिता पाटील होती. रंगमंचावर मात्र तारा कुणीच नव्हता. होते ते 'नाचा'तले, म्हणजे आपल्या तमाशासारख्या रात्रभर रंगणाऱ्या लोकनाट्यातले गावकरी कलावंत. त्यांनीच १९८२ मध्ये एडिंबरोच्या फ्रिंज महोत्सवात बक्षीस मिळवले! चोराची भूमिका गाजवणाऱ्या गोविंदराम निर्मलकरांना २००९ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी तनवीर गेले, २०१४ मध्ये निर्मलकरही.

उद्या पडद्यावरचा एखादा तारा चरणदास व्हायला आला, तर तिकिटे खपतीलच. पण छत्तीसगढी बोली आणि पंथीचा ठेका तो कुठून आणणार? तालमीआधी महिनाभर एखाद्या नाचा मंडळीबरोबर गावोगाव हिंडायची त्याची तयारी हवी.