शिबिरातले गाणे आणि शिबिरातली माणसे

कोल्हापूरच्या वाचकांना देवास हे नाव नवे वाटू नये. देवास थोरल्या पातीचे तुकोजीराव पवार यांच्याशी राजर्षी शाहू महाराजांच्या कन्या आक्कासाहेब यांचा विवाह १९०८ साली झाला, आणि त्यांचेच चिरंजीव विक्रमसिंहराव १९४७ साली दत्तक येऊन शहाजी महाराज म्हणून आपल्या गादीवर बसले. इतका जवळचा सोयरसंबंध असूनही आपली माणसे मालव्यात जातात ती महाकालेश्वराला आणि ओंकारेश्वराला. देवास आणि धार ही गावे वाटेवरून दिसतील तेवढीच पाहायची. मी मात्र काही वर्षे मे महिन्यात या दोन गावी जातो, तो मुलांच्या उन्हाळी शिबिरात गाणे शिकवायला. परतल्यावर स्नेही विचारतात, “आठ दिवसांत पोरांना काय गाणे येणार, मास्तर?” त्यांना दर वेळी तोंडी उत्तर देण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकावे, म्हणून हा प्रपंच.

शिबिर ही कल्पना आपल्याकडे तशी उसनीच. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या फ्रेडरिक गन नावाच्या शाळामास्तराने १८६१ साली आपले विद्यार्थी पायी चालवीत समुद्रकाठी नेले आणि तंबूत ठेवले. बेडन पॉवेल यांनी १९०७ साली ब्राउन्सी बेटावर वीसेक मुलांचा तळ टाकला, आणि त्यातून पुढे बालवीरांची चळवळ उभी राहिली. मराठी मुलखात शिबिराला गाणे चिकटले ते बव्हंशी १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलामुळे. वसंत बापट, लीलाधर हेगडे आदी मंडळींच्या कलापथकाने ते गावोगाव नेले, आणि शिबिर म्हटले की समूहगीत हे समीकरण होऊन बसले. देवासला आणखी एक वारसा आहे. १९८२ साली स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने तेथे केंद्र उघडून मुलांचे बालमेळे भरविले. कागदकाम, मातीकाम, टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी, मुलांनी स्वतः लिहिलेल्या गोष्टी अशी त्यांची रीत. १९८५ साली सुरू झालेले त्यांचे ‘चकमक’ हे हिंदी मासिक तिकडच्या मराठी घरांतूनही वाचले जाते. मी ज्या शिबिरांत जातो तेथल्या हस्तकलेच्या ताया याच वळणाच्या आहेत, हे त्यांच्या टेबलावरची काड्यापेट्या आणि सायकलच्या वाल्वट्यूबची रास पाहिली की कळते.

ही शिबिरे लहान. चाळीसेक मुले, वय आठ ते चौदा, मुक्काम आठ-नऊ दिवसांचा. चालविणारे म्हणजे चार शिक्षक, दोन निवृत्त गृहस्थ आणि कॉलेजात शिकणारी सहा-सात मुले-मुली. शाळेची इमारत सुट्टीत रिकामी असते, तीच मुक्कामाची जागा. मुले बहुतेक मराठी घरांतली, पण मराठी घर म्हणजे मराठी तोंड असे तिकडे समजू नये. आजी मराठी बोलते, आई दोन्ही बोलते, आणि नातू आजीला हिंदीत उत्तर देतो. भांडण पेटले की सगळी सरसकट मालवी हिंदीवर येतात. नोटांच्या छापखान्यात नोकरीला आलेल्या कुटुंबांतली दोन-चार मुले दुसऱ्याच प्रांतांतली असतात. तीही आठ दिवसांत “ताई, वाढा ना” म्हणायला शिकतात.

देवासच्या शिबिराचा दिवस टेकडीपासून सुरू होतो. उजाडण्यापूर्वी मुलांना माताजीच्या टेकडीवर न्यायचे. वर दोन देव्या, तुळजाभवानी आणि चामुंडा. लोक त्यांना मोठी माता आणि छोटी माता म्हणतात. या टेकडीनेच ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराला त्याच्या पुस्तकाचे नाव दिले. १९२१ साली तो सहा महिने तुकोजीरावांचा खासगी चिटणीस होता, आणि त्या दिवसांची पत्रे त्याने १९५३ साली छापली. संस्थानच्या कारभारातले ढिसाळपण आणि गोकुळाष्टमीचा गोंधळ त्याने मोठ्या मिस्किलीने लिहिला आहे. हंगामी नोकरीवर परमुलखात आलेल्या माणसाचे हाल कसे होतात हे त्याच्याइतके कोणी सांगितले नसेल. शिबिरात येणाऱ्या प्रत्येक नव्या दादाला मी ते पुस्तक वाचायला सांगतो. अजून कोणी वाचलेले नाही.

एकाच गावात दोन राजे, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि हद्द भररस्त्यातून गेलेली, ही गोष्ट मुलांना फार आवडते. म्हणून खेळाच्या दोन बाजूंनाही हीच नावे. खो-खोत धाकटी पाती जिंकली की थोरली पाती करार मोडल्याची तक्रार घेऊन माझ्याकडे येते. मी गाण्याचा मास्तर, म्हणजे त्यांच्या मते निःपक्षपाती रेसिडेंट! आणि मालव्यात स्वयंपाक्याला ‘महाराज’ म्हणतात. दोन्ही पात्यांचे राज्य १९४८ साली मध्यभारतात विलीन झाले. शिबिरात तेवढे एक महाराज उरले आहेत, आणि त्यांचा हुकूम कोणी मोडत नाही. शेवटून दुसऱ्या दिवशी ते दाल-बाफले करतात. कणकेचे गोळे आधी उकडून मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचे आणि तुपात बुडवायचे. त्या दुपारी गाण्याचा तास ठेवू नये एवढी अक्कल मला पहिल्याच वर्षी आली.

आता गाण्याकडे वळतो. माझे वडील दरबारी गवई. संस्थाने गेली तेव्हा ते सोळा-सतरा वर्षांचे, आजोबांच्या मागे तंबोरा घेऊन बसणारे. दरबार संपला तरी रीत संपली नाही, आणि त्यांनी आयुष्यभर एका वेळी एकच शिष्य समोर बसविला. चाळीस पोरांना एकत्र गायला लावणे हे त्यांच्या हिशेबी गाणे नव्हेच, कवायत. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हे. बहुतेक शिबिरांतले समूहगान म्हणजे ओरडणे असते, आणि त्याचे कारण मुलांचा गळा नसून मास्तरांची पेटी असते. मास्तर आपल्या सोयीची पट्टी धरतात. त्यांचा षड्ज जेथे बसतो तेथे मुलांचा बसेलच असे नाही. गाणे खाली मंद्रात गेले की मुलांचा आवाज विझतो, वर तार गंधाराकडे गेले की ती किंचाळतात, आणि मास्तरांना वाटते, काय जोश आहे!

म्हणून मी पहिल्या दिवशी पेटी उघडतच नाही. मुलांना आपसांत हाका मारायला लावतो. लांबच्या मित्राला मारलेली हाक कोणत्या सुरावर थांबते ते ऐकायचे आणि त्याच्या जरा खाली षड्ज धरायचा. मग मोबाईलमधला तंबोरा त्या पट्टीवर लावून सर्वांनी नुसता ‘सा’ धरून बसायचे. चौथ्या मिनिटाला हसू फुटते, सहाव्या मिनिटाला कोणीतरी जांभई देतो, आणि दहाव्या मिनिटाला केव्हातरी चाळीस आवाज एका रेषेत येतात. ते एक-दोन क्षणच टिकते. पण मुलांना ते कळते; एकमेकांकडे पाहतात.

गाणी निवडताना मी मालव्याच्याच पदरात हात घालतो. भाद्रपदात पितृपक्षात तिकडे मुली भिंतीवर शेणाची ‘संजा’ काढतात, तिला फुला-पानांनी सजवितात आणि रोज संध्याकाळी तिच्यापुढे गाणी म्हणतात. आपल्याकडचा भोंडला आश्विनातला, पण बहिणी शोभतील अशा दोघी. या गाण्यांची गंमत अशी की ती चार-पाच सुरांतच फिरतात. कोणाही पोराच्या गळ्याला ती जड जात नाहीत, आणि त्या चार सुरांत लय मात्र विलक्षण खेळते. एका मुलीने संजा म्हणायची, दुसरीने आजीचा भोंडला म्हणायचा, आणि बाकीच्यांनी कोठे सूर सारखे आहेत ते शोधायचे, असा खेळ मी घेतो. भाषा शिकविण्याचे निराळे तास ठेवून जे होत नाही ते यात होते. ‘ऐलमा पैलमा’ म्हणजे काय, हे घरी फोन करून आजीला विचारणारा मुलगा मी पाहिला आहे. त्याने आजीशी मराठीत केलेले ते पहिले लांब संभाषण असावे.

हे चार-पाच सुरांचे धन कुमार गंधर्वांनी देवासात बसूनच पाहिले. १९४८ साली क्षयाने आजारी होऊन ते तेथे आले, काही वर्षे गाणे बंद होते, आणि त्या सक्तीच्या मौनात त्यांच्या कानावर मालव्याची लोकगीते पडत राहिली. लोकधुनांतून त्यांनी पुढे मालवती, लगनगंधार, संजारी असे राग उभे केले. टेकडीच्या पायथ्याशी ‘भानुकुल’ हे त्यांचे घर. १९९२ साली ते गेले ते देवासातच. टेकडीवरून उतरताना मी मुलांना ते घर रस्त्यावरूनच दाखवितो. “येथे एक आजारी माणूस खिडकीतून येणारी गाणी ऐकत होता,” एवढेच सांगतो.

शिबिरातल्या कार्यकर्त्यांविषयी कोणी लिहीत नाही. मुलांचे फोटो छापून येतात. ताई-दादांचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो आणि रात्री बैठकीने संपतो. बैठकीत कोणाला ताप आहे, कोणाची चप्पल हरवली, कोण जेवत नाही, याचा हिशेब. दुसरी रात्र सर्वांत अवघड. पहिल्या रात्री नवलाईत झोप लागते, दुसऱ्या रात्री घर आठवते. एक रडू लागला की ओळीने चार रडतात. वीस वर्षांची एक ताई अंधारात त्यांच्या गाद्यांमध्ये बसून, गोष्ट संपू न देता, दीड-दोन तास हळू आवाजात सांगत राहते, आणि सकाळी तीच सर्वांच्या आधी पाण्याच्या बादल्या मोजते. देवासात पाणी मोजण्याची सवय जुनी. १९९० च्या सुमारास या गावाला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. नहाण्याला एक बादली हा नियम तेथल्या घरचाच, शिबिराने लादलेला नव्हे.

या मुलामुलींना मानधन मिळते ते जाण्या-येण्याचा खर्च निघेल एवढे. त्यांना सुट्टीत दुसरीकडे काम करून याहून अधिक मिळाले असते, आणि घरचे ते ऐकवतातही. ‘सेवा’ हा शब्द फार स्वस्तात वापरू नये असे माझे मत आहे. महाराजांना त्यांचा दर मिळतो, मंडपवाल्याला मिळतो, मलाही प्रवासखर्चावर चार पैसे मिळतात. रात्र जागणाऱ्या ताईला मात्र प्रमाणपत्र! हे मी बैठकीत बोललो आहे. गेल्या खेपेपासून रक्कम थोडी वाढली. थोडीच.

दुसरा खटका समारोपाचा. पालकांना शेवटच्या दिवशी कार्यक्रम हवा असतो, आणि चौथ्या दिवसापासून सारे शिबिर त्या तासाभराच्या ताब्यात जाते. एका शहरातल्या शिबिरात (नाव नको) समारोपाच्या आदल्या दिवशी व्यवस्थापक मला म्हणाले, “सर, मागच्या रांगेतल्या चार-पाच जणांना फक्त ओठ हलवायला सांगा. सूर बिघडतो.” त्या चार-पाचांत तेरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याचा आवाज त्या महिन्यातच फुटत होता. एक सूर खर्जात, पुढचा भलतीकडे. बाहेर उभे राहून त्याने ते ऐकले असावे. आत येऊन म्हणाला, “मी गाऊन राहिलो होतो ना, सर. जोरात नाही गात. पण ओठ हलवून काय करू?”

फुटणाऱ्या आवाजाला गप्प बसविणे हा गळ्यावरचा अन्याय तर आहेच, शिवाय शास्त्राच्या दृष्टीनेही चूक आहे. त्या वयात हळू, खालच्या पट्टीत, थोडे थोडे गात राहिले तर आवाज नीट बसतो. किती चांगले गळे त्या एका वर्षी “तू राहू दे” ऐकून कायमचे मिटले असतील! मी त्या पाचही जणांना खालचा ‘सा’ दिला. इतरांनी गाणे म्हणायचे, यांनी त्याखाली षड्ज धरायचा, तंबोऱ्यासारखा. फुटलेल्या आवाजाला तेवढा एक सूर सांभाळता येतो. कार्यक्रम झाला, टाळ्याही पडल्या. पुढल्या वर्षी त्या शिबिराचे बोलावणे आले नाही.

धारच्या शिबिरात हा प्रश्न नाही, कारण तेथे रंगमंचच नाही. दिवस भटकण्यात जातात. टेकाडावरचा लाल दगडाचा किल्ला, जेथे १७७५ साली दुसरे बाजीराव जन्मले. लाट मशिदीपाशी पडलेले लोहस्तंभाचे तीन तुकडे. आणि शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके यांचा स्टुडिओ. फडके मूळचे वसईचे, धारेत स्थायिक झाले आणि १९६१ साली पद्मश्री झाले. गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्यांचा पुतळा त्यांच्या हातचा, हे सांगितले की मुंबईला मामा असलेली मुले एकदम बोलू लागतात. गावात साडेबारा तलाव आहेत असे लोक म्हणतात. अर्धा कोणता, यावर मुलांचे दरवर्षी मतभेद होतात आणि दरवर्षी निराळा तलाव अर्धा ठरतो.

शेवटच्या संध्याकाळी पालक मुलांना न्यायला येतात तेव्हा त्यांना खुर्च्या मिळत नाहीत. सतरंजीवर मुलांमध्ये बसायचे आणि मुलांनी शिकविलेले गाणे म्हणायचे. बाप लाजतात. बँकेतले साहेब पहिल्या ओळीला खोकतात, दुसरीला मोबाईल काढतात, तिसरीला मुलगी कोपराने ढोसते तेव्हा तोंड उघडतात. आया लवकर लागतात. एखादीला लहानपणची संजा सबंध पाठ निघते आणि मग ती थांबतच नाही. मालव्याची रात्र मे महिन्यातही गार होते, वारा सुटतो, आणि साडेनऊ वाजून गेले तरी कोणी उठत नाही. शेवटी महाराजच दारात येऊन उभे राहतात. पातेली घासायची आहेत, आणि चार वाट्या कमी भरताहेत.