कोकीळमाशी ओळखावी कशी?

जालन्याच्या किल्ल्याची गढी म्हणजे मस्तगड. किल्ला आणि गढी ही दोन्ही बांधकामे १७२५ मधील. अशा जुन्या भिंतींच्या भेगांतील भुसभुशीत माती, किंवा ओढ्याकाठची दरड, ही एकेकटी घरटी करणाऱ्या माश्यांची आवडती जागा असते. तपकिरी केसाळ पाठीची, पोटावर निळसर पट्टे असलेली अमेगिला ही त्यांपैकीच एक. तिच्या बिळांपाशी काळ्या अंगावर फिकट निळे ठिपके असलेली दुसरी माशी संथपणे घिरट्या घालताना दिसली, तर ती बहुधा थायरियस या वंशातील कोकीळमाशी होय.

कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, तसाच हिचा व्यवहार. अमेगिलाने पराग आणि मध साठवलेल्या कोठडीत ती आपले अंडे घालते. त्यातून निघालेली अळी विळ्यासारख्या जबड्यांनी यजमानाचे अंडे वा अळी मारते आणि साठा फस्त करते. कोकिळेपेक्षा हे काहीसे क्रूरच म्हणावे लागेल.

तिच्या शरीराची ठेवणही या जीवनक्रमाला साजेशी आहे. स्वतः पराग गोळा करायचा नसल्याने मागच्या पायांवर परागासाठीचे दाट केस नसतात. मात्र एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. कोणत्याही माशीच्या नराला ते नसतातच. म्हणून मिशांचे भाग मोजावेत: मादीत १२, नरात १३. दुसरी खूण पोटावरची. अमेगिलाचे पट्टे सलग असतात, थायरियसचे मध्ये तुटून दोन्ही बाजूंना ठिपके उरतात. सर्वांत भरवशाची खूण पाठीवर आहे. पंखांच्या मुळांमागचा ढालीसारखा चपटा भाग मागे पोटावर झुकलेला असतो आणि त्याच्या कडेला मधोमध खाच असते. पंख धुरकट आणि अंगाचे कवच जाड असते; यजमान मादीच्या डंखापासून या कवचाचा बचाव होतो.

गुलाबाच्या पानांचे गोल तुकडे कापणाऱ्या माश्यांवर जगणारी कोकीळमाशी वेगळी, सीलिऑक्सिस वंशाची. मादीचे पोट शंकूसारखे निमुळते असते, तर नराच्या शेपटाकडे काटे असतात. दोघींची गल्लत होण्याचे कारण नाही.

वंश असा डोळ्यांनी कळतो. जातीचे मात्र तसे नाही. सी. टी. बिंगहॅम यांनी १८९७ मधील ग्रंथात या माश्यांचे वर्णन क्रोसिसा या जुन्या नावाखाली केले. पुढे १९६२ मध्ये लिफ्टिंक यांनी त्यांची फेरमांडणी केली. रामोसस, हिस्ट्रिओ, सिलोनिकस या भारतातील जाती वेगळ्या काढायच्या तर पाठीवरच्या खाचेचा आकार, छातीवरील ठिपक्यांची मांडणी, पायांवरील केसांचे डाग आणि नराचे जननांग भिंगाखाली तपासावे लागते. रंगावर विसंबणे तर घातकच. निळा की पांढरा, हे उजेडावर आणि केस झिजल्यावर बदलते. त्यामुळे मोबाइलवरच्या एका छायाचित्राला जातीचे नाव चिकटवण्यापेक्षा ‘थायरियसची एक जाती’ एवढेच लिहिणे अधिक शास्त्रशुद्ध ठरते. छायाचित्र काढायचेच, तर एक वरून आणि एक बाजूने घ्यावे. संध्याकाळी ही माशी काडीला जबड्याने घट्ट धरून झोपते. तेव्हा ते सहज जमते.

ही परजीवी म्हणून तिला मारण्याचे मात्र कारण नाही. वांगी आणि टोमॅटोच्या फुलांतील पराग टोकाच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतो. अमेगिला अंगाच्या थरथरीने तो झाडून घेते. मध देणाऱ्या पाळीव माश्यांना हे साधत नाही. बियाण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जालन्यात या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको. आणि यजमान टिकून असल्याशिवाय कोकीळमाशी टिकत नाही. ती दिसली, तर जवळच्या भिंतीत अमेगिलाची बिळे शोधावीत आणि ती लिंपण्याची घाई करू नये.