शिट्टी, कार्ड आणि व्हीएआर

कार्डे : कल्पना इंग्लिश रेफरी केन ॲस्टन यांची. वापर १९७०च्या मेक्सिको फुटबॉल विश्वचषकापासून. त्या स्पर्धेत लाल कार्ड एकदाही निघाले नाही. विश्वचषकातले पहिले लाल कार्ड १९७४ मध्ये, चिलीच्या कार्लोस कासेली याला.

व्हीएआर : म्हणजे व्हिडिओ सहायक रेफरी. नियमपुस्तकात २०१८ला आला, इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २०१९-२०च्या हंगामात. सुरुवातीला चारच बाबींसाठी : गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड, भलत्याच खेळाडूला कार्ड. अंतिम निर्णय मात्र मैदानावरील रेफरीचाच. २०२४ मध्ये प्रीमियर लीगमधला व्हीएआर बंद करण्याचा वुल्व्ह्ज या क्लबचा प्रस्ताव १९ विरुद्ध १ मतांनी फेटाळला गेला.

मॅनेजर : २०१९पासून त्यांनाही कार्ड.

प्रेक्षक : इंग्लंड-वेल्समध्ये मैदानात घुसणे, वस्तू फेकणे, वंशद्वेषी घोषणा १९९१च्या कायद्याने गुन्हा.