जुना फोम, टीव्ही आणि गरोदर भगिनी

जुन्या टीव्हीच्या तारा तांब्यासाठी जाळणे, फाटका फोम शेकोटीत टाकणे हे प्रकार मी आपल्या साक्रीतही पाहतो. म्हणून गरोदर भगिनींसाठी हे चार शब्द.

अशा वस्तू चटकन पेटू नयेत म्हणून त्यांत अनेकदा ब्रोमीनयुक्त रसायने मिसळलेली असत. ती हळूहळू घरातल्या धुळीत उतरतात व हातांवाटे पोटात जातात. यांपैकी एका रसायनाचा प्रयोग बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी २००५ साली प्रसिद्ध केला. गाभण उंदरांना किलो वजनामागे अवघे ०.०६ मिलिग्रॅम रसायन एकदाच दिले. त्यांची नर पिले मोठी झाली, तेव्हा त्यांच्यातील शुक्रजंतू कमी भरले.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, घाबरू नये. परंतु इशारा ध्यानात घ्यावा. यांतील काही रसायनांवर भारत सरकारने २०१८ मध्ये बंदी घातली, तरी जुन्या वस्तू घरोघरी आहेतच.

उपाय साधे आहेत. फोम, तारा जाळू नयेत. गरोदर स्त्रिया व मुलांनी अशा धुरापासून दूर राहावे. कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने फरशी पुसावी. जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत.